माफी कोणाला, बचाव कोणाचा?

२४ डिसेंबर १९९२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी सहा माणसांना संपूर्ण आणि बिनशर्त माफी दिली. त्याच्या सात आठवडे आधी ते निवडणूक हरले होते आणि पद सोडायला चार आठवडे उरले होते. माफी मिळालेले सहाही जण रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीतले बडे अधिकारी होते. संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅकफार्लेन, परराष्ट्र खात्यातले इलियट एब्रॅम्स आणि सीआयएचे तिघे, क्लेअर जॉर्ज, ॲलन फियर्स व ड्युएन क्लॅरिज. रेगन यांच्या त्याच सरकारात बुश स्वतः आठ वर्षे उपराष्ट्राध्यक्ष होते, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवले पाहिजे.

माफीच्या जाहीरनाम्यात बुश यांनी कारणे दिली होती. ही माणसे देशभक्तीपोटी वागली, त्यांनी स्वतःचा फायदा करून घेतला नाही, त्यांची सेवा दीर्घ आणि मानाची आहे, आणि त्यांनी आधीच अपराधाच्या मानाने फार मोठी किंमत मोजली आहे, असे ते म्हणाले. त्याहून महत्त्वाचे विधान पुढे होते. धोरणातल्या मतभेदांना गुन्ह्याचे रूप दिले जात आहे. अशा मतभेदांत जाब विचारायचाच तर तो राष्ट्राध्यक्षाला विचारावा, त्याच्या हाताखालच्यांना नव्हे, आणि तो मतदान केंद्रात विचारावा, न्यायालयात नव्हे, असा त्याचा आशय होता.

हा जाहीरनामा जुना झाला, पण त्यातले युक्तिवाद आजही जसेच्या तसे वापरले जातात. सत्तेतल्या माणसाने आपल्याच सत्तेतल्या दोषी माणसाला सोडले की हेच बोल पुन्हा कानावर येतात. देश पुढे न्यायचा आहे, जखमा भरायच्या आहेत, खटलेच राजकीय होते, आणि घटनेने अधिकार दिला आहे तर तो वापरला यात गैर काय? भले भले लोक या बोलांना भुलतात. म्हणून या युक्तिवादांना त्यांच्या मूळ ठिकाणी गाठून उत्तर दिले पाहिजे.

आधी 'धोरणातले मतभेद' पाहू. रेगन सरकारने १९८५-८६ मध्ये इराणला गुपचूप टो आणि हॉक क्षेपणास्त्रे विकली. इराणला शस्त्रे विकायची नाहीत, असे हेच सरकार जगाला बजावत होते. लेबनॉनमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकी नागरिक सुटावेत, हा त्या विक्रीमागचा हेतू होता. विक्रीतून उरलेला पैसा निकाराग्वातल्या सरकारविरोधी काँट्रा बंडखोरांकडे वळवला गेला, आणि या बंडखोरांना लष्करी मदत करायला संसदेने कायद्याने मनाई केली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये एका लेबनीज नियतकालिकाने शस्त्रविक्रीची बातमी फोडली आणि प्रकरण उघड्यावर आले.

इराणला शस्त्रे द्यावीत की नाही, यावर खरोखरच मतभेद होते. गंमत अशी नव्हे, शोकांतिका अशी, की वाइनबर्गर या विक्रीच्या विरोधात होते. परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनीही विरोध केला होता. मग वाइनबर्गर यांच्यावर आरोपपत्र कशाचे होते? विक्रीचे मुळीच नव्हते. तपास करणाऱ्यांना आणि संसदेला त्यांनी खोटे सांगितले, हा आरोप होता. आपण टिपणे ठेवत नाही, असे त्यांनी सांगितले होते. पुढे त्यांच्याच हाताने लिहिलेल्या नोंदींची सुमारे १,७०० पाने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. मॅकफार्लेन, एब्रॅम्स आणि फियर्स यांनी संसदेपासून माहिती दडवल्याचे स्वतः कबूल केले होते. क्लेअर जॉर्ज यांना ज्यूरीने संसदेसमोर खोटे बोलल्याबद्दल दोषी ठरवले होते. यात धोरण कुठे आले? धोरणाबद्दल कोणीही कोणालाही तुरुंगात पाठवत नव्हते. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी विचारलेल्या प्रश्नाला शपथेवर खोटे उत्तर देणे हा गुन्हा होता. ज्या व्यवस्थेत धोरणावरचे मतभेद संसदेत लढायचे असतात, तिथे संसदेला खोटे सांगणे म्हणजे तो मतभेदच होऊ न देणे. बुश ज्याचे रक्षण केल्याचा दावा करत होते, तेच या माणसांनी मोडले होते.

आता मतदान केंद्राचा मुद्दा. बुश यांचे हे वाक्य वाचताना मला आजही राग येतो. ३ नोव्हेंबरला मतदान होऊन गेले होते. जाब मतदारांनी विचारावा असे जर खरोखर वाटत होते, तर माफी ऑक्टोबरमध्ये द्यायची होती. निकाल लागल्यावर, पुन्हा कधीही मते मागायची नाहीत हे ठरल्यावर, नाताळच्या आदल्या दिवशी माफी द्यायची आणि तिच्या समर्थनासाठी मतदारांचे नाव घ्यायचे, हा मतदारांचा अपमान आहे. त्यांच्या हातात काहीच उरले नसताना त्यांना न्यायाधीश नेमण्यात आले.

पण या सगळ्याहून गंभीर गोष्ट तारखेतच आहे. वाइनबर्गर यांचा खटला ५ जानेवारी १९९३ रोजी सुरू व्हायचा होता. बारा दिवस राहिले होते. त्यांच्या नोंदींमध्ये ७ जानेवारी १९८६ च्या एका बैठकीची नोंद होती. शुल्ट्झ आणि वाइनबर्गर यांनी शस्त्रविक्रीला विरोध केला आणि उपराष्ट्राध्यक्षांनी तिला पाठिंबा दिला, असे त्या नोंदीत होते. बुश वर्षानुवर्षे सांगत आले होते की या दोन मंत्र्यांचा इतका कडक विरोध आहे हे आपल्याला माहीतच नव्हते. म्हणजे या खटल्यात जी पाने वाचली जाणार होती, ज्यांवर उलटतपासणी होणार होती, ती माफी देणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दाविरुद्ध जात होती. शिवाय बुश यांनी स्वतः त्या काळात डायरी ठेवली होती, आणि ती अनेक वर्षे तपासकर्त्यांपासून दूर राहून माफीच्या तोंडावर, डिसेंबर १९९२ मध्ये, त्यांच्या हाती पडली.

स्वतंत्र अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांनी त्याच दिवशी जाहीरपणे म्हटले की प्रकरणावर पांघरूण घालण्याचे काम आता पुरे झाले. पुढे १९९३ मध्ये नव्या पुराव्यांच्या उजेडात वॉल्श यांना बुश यांची अखेरची जबानी घ्यायची होती. बुश यांनी नकार दिला. या प्रकरणात बुश यांचा वाटा नेमका किती होता, याचे स्पष्ट चित्र त्यामुळे कायमचे अपुरे राहिले.

माझे म्हणणे इथे आहे. अशा माफीने एका वृद्ध माजी मंत्र्याची शिक्षा टळते की नाही, याची मला फारशी चिंता नाही. पंचाहत्तरीचे वाइनबर्गर तुरुंगात गेले नाहीत म्हणून जगाचे काही बिघडले नाही. बिघडले ते हे, की खटला झाला नाही. खटला हे केवळ शिक्षेचे यंत्र नसते. सत्तेने दडवलेली कागदपत्रे शपथेवर वाचली जाण्याची, मोठ्या माणसाला लहान प्रश्न विचारला जाण्याची लोकशाहीतली ती एकमेव खात्रीची जागा असते. माफीने आरोपी सुटला आणि त्याच्याबरोबर प्रश्नही सुटून गेले. ज्याला त्या प्रश्नांची सर्वाधिक भीती होती, त्याच्याच सहीने.

यावर कायदा जाणणारे एक खरा आक्षेप घेतात, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ते म्हणतात, माफी मिळालेल्या माणसाला त्या गुन्ह्याबाबत गप्प बसण्याचा हक्क उरत नाही, कारण आता त्याला शिक्षेची भीती नाही. उलट त्याला साक्षीला बोलावणे सोपे होते. तत्त्वतः हे बरोबर आहे. अमेरिकेच्या इतिहासात एकदा माफीचा असा उपयोग करण्याचा प्रयत्नही झाला. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक जॉर्ज बर्डिक आपल्या बातमीचा स्रोत सांगायला तयार नव्हते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना माफी देऊ केली. हेतू असा की मग गप्प बसण्याचे कारणच राहू नये. बर्डिक यांनी ती माफी नाकारली आणि १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा नकाराचा हक्क मान्य केला. माफी स्वीकारणे म्हणजे दोष पत्करण्यासारखे आहे, असेही त्या निकालात म्हटले.

पण १९९२ मध्ये काय घडले? आरोपी निर्धास्त झाला. सरकारी वकिलाच्या हातातला दबाव गेला. दिवसेंदिवस वर्तमानपत्रांत छापून येणारी उघड उलटतपासणी गेली. उरली ती बंद दाराआडची जबानी, तीही कोणी आग्रहाने मागितली तर. खालच्या माणसाला आपल्यावरची शिक्षा कमी करून घ्यायची असते म्हणून तो वरच्याबद्दल बोलतो, आणि मोठमोठ्या कटांचे तपास जगभर असेच वर सरकत जातात. शिक्षेची भीतीच काढून टाकली की साक्ष द्यायचे कारणही जाते. तत्त्व पुस्तकात राहते, साक्षीदार घरी जातो.

क्षमेच्या समर्थनासाठी नेहमी मोठी नावे पुढे केली जातात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९५ मध्ये व्हिस्की बंडातल्या लोकांना क्षमा केली. जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये, सत्तेवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, व्हिएतनाम युद्धात सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्यांना माफ केले. दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत. दोन्ही थोर आहेत. पण ती बुश यांच्या बाजूने बोलत नाहीत. वॉशिंग्टन यांनी क्षमा केली ती स्वतःच्या सरकारविरुद्ध हत्यार उचललेल्यांना. कार्टर यांनी माफ केले ते राज्याची आज्ञा न मानणाऱ्यांना. दोघांनीही पलीकडच्या बाजूला हात दिला, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काही लाभ नव्हता. कार्टर यांना तर माजी सैनिकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. बंडाच्या काळात योग्य वेळी देऊ केलेली क्षमा शांतता परत आणू शकते, हा अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा १७८८ मधला युक्तिवाद अशाच प्रसंगांसाठी होता. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली, तेव्हा तो युक्तिवाद उलटा झाला. ज्याला सत्तेवर ठेवण्यासाठी हल्ला झाला, त्यानेच हल्लेखोरांना सोडले.

आता सर्वांत अवघड उदाहरणाकडे येतो. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना माफी दिली, तीही आरोपपत्र दाखल होण्याआधीच. पुष्कळ विचारी लोक, त्यात त्या वेळचे कडवे विरोधकही आले, आता म्हणतात की फोर्ड यांनी योग्य केले. २००१ मध्ये केनेडी ग्रंथालयाने त्यांना धैर्याचा पुरस्कारही दिला. फोर्ड यांच्याबद्दल मला आदर आहे. ते संसदीय समितीसमोर स्वतः जाऊन बसले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि दोन वर्षांनी मतदारांसमोरही गेले. माफीची किंमत त्यांनी पराभवाने मोजली असावी. बुश यांच्या माफीशी तुलना करता हा फरक फार मोठा आहे.

तरीही फोर्ड चुकले, असे मी म्हणतो. निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या पहिल्या कलमात एक आरोप असा होता की, आरोपी आणि दोषी ठरलेल्या माणसांना त्यांनी गप्प राहण्याच्या बदल्यात सवलतीची आशा दाखवली. म्हणजे माफीचे आमिष हाच आरोपांपैकी एक होता. प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीने २७ जुलै १९७४ रोजी ते कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केले. सहा आठवड्यांनी त्याच माणसाला माफी मिळाली. निक्सन यांनी आपल्या चुका झाल्या इतकेच मान्य केले, गुन्हा नाही. त्यांचे सहकारी हॉल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल यांना १ जानेवारी १९७५ रोजी ज्यूरीने दोषी ठरवले आणि ते तुरुंगात गेले. ज्यांनी आज्ञा पाळली त्यांना गजाआड आणि ज्याच्यासाठी पाळली त्याला कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या घरी, हा न्याय कोणत्या जखमेवर औषध ठरणार होता? १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांनी घेतलेल्या मुलाखतीत निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की राष्ट्राध्यक्षाने केले म्हणजे ते बेकायदा नसते. न्यायालयात हे वाक्य टिकले असते की नाही, हे पाहण्याची संधी देशाने गमावली होती. ते वाक्य खोडले गेले नाही म्हणून ते जिवंत राहिले.

जखमा भरण्याचा दावा दक्षिण कोरियानेही अनुभवला. ग्वांगजूमध्ये मे १९८० मध्ये नागरिकांचे शिरकाण करवणारा हुकूमशहा चुन डू-ह्वान १९९६ मध्ये दोषी ठरला, आधी मृत्युदंड, मग जन्मठेप. डिसेंबर १९९७ मध्ये त्याला राष्ट्रीय सलोख्याच्या नावाने माफी मिळाली, आणि त्याला संमती होती नवनिर्वाचित किम दे-जंग यांची, ज्यांना चुनच्याच राजवटीने फाशीची शिक्षा सुनावली होती. याहून उदार मन कुठले? पण चुनने ग्वांगजूची क्षमा कधी मागितली नाही. २०१७ च्या आत्मचरित्रात त्याने एका दिवंगत धर्मगुरूला, हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराच्या साक्षीदाराला, खोटारडा म्हटले आणि त्याबद्दल २०२० मध्ये न्यायालयाने त्याला पुन्हा दोषी ठरवले. पुढच्या वर्षी तो मेला, पश्चात्तापाशिवाय. तिथे निदान खटला पूर्ण झाला होता, निकालपत्र लिहिले गेले होते. म्हणून चुनच्या खोटेपणाला उत्तर देता आले. अमेरिकेत १९७४ आणि १९९२ मध्ये तेवढेही झाले नाही.

माफी हा सौदा होतो तेव्हा तर सलोख्याचा आवही गळून पडतो. पेरूचे राष्ट्राध्यक्ष पेद्रो पाब्लो कुचिन्स्की २१ डिसेंबर २०१७ रोजी महाभियोगातून वाचले, कारण माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या मुलाच्या गटाने मतदानात भाग घेतला नाही. तीन दिवसांनी, २४ डिसेंबरला, मानवी हक्कांच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगत असलेल्या फुजिमोरींना प्रकृतीच्या कारणाने माफी मिळाली.

अमेरिकेच्या घटनाकारांना हे धोके दिसले नव्हते असे नाही. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी सरळ विचारले होते की, राष्ट्राध्यक्षाने स्वतःच करायला लावलेला गुन्हा तो माफ करू लागला तर? फिलाडेल्फियात १५ सप्टेंबर १७८७ रोजी एडमंड रँडॉल्फ यांनी निदान देशद्रोहाचा गुन्हा तरी या अधिकारातून वगळावा अशी सूचना मांडली. जेम्स विल्सन यांनी उत्तर दिले की राष्ट्राध्यक्ष स्वतः गुन्ह्यात सामील असेल तर त्याच्यावर महाभियोग चालवता येईल आणि खटलाही भरता येईल. सूचना फेटाळली गेली. व्हर्जिनियात मेसन यांना जेम्स मॅडिसन यांनीही महाभियोगाचाच आधार दाखवला.

'घटनेने अधिकार दिला आहे' असे म्हणणाऱ्यांनी घटनाकारांचे हे उत्तर पूर्ण वाचावे. त्यांनी हा अधिकार मोकळा ठेवला तो दोन पहाऱ्यांच्या भरवशावर. त्यातला महाभियोगाचा पहारा पदाच्या शेवटच्या चार आठवड्यांत काय करणार? बुश यांनी नाताळाच्या सुट्टीतली वेळ निवडली. बिल क्लिंटन यांनी २० जानेवारी २००१ रोजी, पदाच्या अखेरच्या तासांत, फरारी व्यापारी मार्क रिच याला माफी दिली. दुसरा पहारा खटल्याचा. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांच्या प्रकरणात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की राष्ट्राध्यक्षाच्या अनन्य अधिकारांच्या वापराबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला चालू शकत नाही, आणि अशा अधिकारांत माफीचा अधिकार मोडतो. विल्सन यांनी ज्या दोन आश्वासनांवर आपल्या सहकाऱ्यांचे समाधान केले, त्यांपैकी एक आधीच लुळे होते, दुसरे न्यायालयाने काढून घेतले. मेसन यांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि १७८७ पेक्षा आज तो अधिक भेदक झाला आहे.

खटलेच राजकीय होते, या आरोपाचेही बघू. वॉल्श हे रिपब्लिकन होते; आयझेनहॉवर यांच्या सरकारात उपमहान्यायवादी राहिले होते. त्यांनी मतदानाच्या चार दिवस आधी, ३० ऑक्टोबर १९९२ ला, वाइनबर्गर यांच्यावर नवे कलम लावले आणि त्याच वेळी बुश यांच्याबद्दलची ती नोंद बाहेर आली, याबद्दल रिपब्लिकन पक्षाने केलेली तक्रार मी उडवून लावणार नाही. वेळ वाईट होती. पण ते कलम कोणी रद्द केले? न्यायाधीशाने, मुदतीच्या कारणावरून, माफीच्या आधीच. याच प्रकरणातले ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांची दोषसिद्धी कोणी उलटवली? अपील न्यायालयाने, कारण संसदेसमोर संरक्षण घेऊन दिलेल्या त्यांच्याच साक्षीची छाया खटल्यावर पडली होती. म्हणजे अतिरेक झाला तिथे न्यायालये त्याला आवर घालत होती, आरोपीच्या बाजूनेही. अशा व्यवस्थेवर अविश्वास दाखवून तिच्या हातून प्रकरण काढून घ्यायला कारण नव्हते.

आणि आता तर कारण सांगण्याचीही गरज वाटेनाशी झाली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ॲरिझोनातले माजी शेरीफ जो अर्पायो यांना माफ केले, ज्यांनी वांशिक छळ थांबवण्याचा न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडला होता. त्यांना शिक्षा सुनावलीही गेली नव्हती. जुलै २०२० मध्ये संसदेला खोटे सांगितल्याबद्दल आणि साक्षीदारावर दबाव आणल्याबद्दल दोषी ठरलेल्या रॉजर स्टोन यांची कैद, ते तुरुंगात जाण्याच्या तोंडावर, रद्द झाली. आपण ट्रम्प यांच्याविरुद्ध बोललो नाही, हे स्टोन उघडपणे सांगत होते. मे २०२५ मध्ये व्हर्जिनियातले माजी शेरीफ स्कॉट जेन्किन्स यांना माफी मिळाली. ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त लाच घेऊन त्यांनी पोलिसी बिल्ले वाटले होते आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. माफीची शिफारस करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नव्या प्रमुखाने त्यावर जाहीर केले की आपल्या पक्षाच्या माणसांपैकी कोणालाही मागे सोडले जाणार नाही. ज्या कार्यालयाच्या नियमानुसार सामान्य कैद्याने सुटकेनंतर पाच वर्षे थांबायचे, मग अर्ज करायचा, मग एफबीआयची चौकशी सोसायची, आणि हजारो अर्जांच्या ढिगात वाट बघत बसायचे, त्याच कार्यालयातून हे शब्द निघाले. क्लेअर जॉर्ज यांना १९९२ मध्ये दोषसिद्धीनंतर पंधरा दिवसांत माफी मिळाली होती. पाच वर्षे आणि पंधरा दिवस, यांतले अंतर गुन्ह्याच्या स्वरूपाने ठरलेले नाही.

दुसऱ्या बाजूनेही हेच केले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. जो बायडन यांनी मुलाला माफी देणार नाही असे सांगून डिसेंबर २०२४ मध्ये दिली, आणि पद सोडण्याच्या दिवशी भावंडांनाही आगाऊ संरक्षण दिले. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाचे माजी न्यायाधीश मायकेल कोनाहन यांची उरलेली शिक्षा रद्द केली. खासगी सुधारगृहांकडून पैसे घेऊन मुलांना कोठडीत धाडण्याच्या प्रकरणात ते दोषी ठरले होते. त्या मुलांच्या आयांना याबद्दल कोणी विचारले होते? एका पक्षाने केलेले पाप दुसऱ्याच्या पापाने धुतले जात नाही. दोघांनी मिळून ते रूढ मात्र केले आहे.

राजकारण्याला कधीच दया मिळू नये, असे माझे म्हणणे नाही. क्लिंटन यांनी डॅन रॉस्टेन्कोव्स्की या आपल्याच पक्षाच्या जुन्या नेत्याला डिसेंबर २००० मध्ये माफ केले. त्यांनी गुन्हा कबूल केला होता, शिक्षा भोगून झाली होती, खटल्यातले सत्य बाहेर आले होते. ती माफी मला खटकत नाही. खटकते ती निकालाच्या आधीची किंवा शिक्षेच्या उंबरठ्यावरची, आणि ज्या गुन्ह्याशी माफी देणाऱ्याचा स्वतःचा संबंध आहे त्या गुन्ह्याची.

भारतात हाच प्रश्न न्यायालयापुढे आला तेव्हा त्याला वेगळे उत्तर मिळाले, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ऑगस्ट २००५ मध्ये आंध्र प्रदेशात, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे तिथे राज्यपाल असताना, शिक्षा भोगत असलेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा मंत्रिमंडळाच्या शिफारशीने माफ झाली. त्याची पत्नी आमदार होती. फाइलमध्ये तो चांगला काँग्रेस कार्यकर्ता असल्याचा शेराही होता. ऑक्टोबर २००६ मध्ये एपुरू सुधाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. राज्यघटनेच्या कलम ७२ आणि १६१ खालचे अधिकार मोठे आहेत, पण जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून ते वापरता येत नाहीत, आणि तसे झाले तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि एस. एच. कपाडिया यांनी बजावले. आपली न्यायव्यवस्था आदर्श आहे असे मला सुचवायचे नाही. पण कोणत्या कारणाने माफ केले, हे विचारण्याचा हक्क इथे कोणाला तरी आहे. अमेरिकेत तो कोणालाच नाही.

आणि विचारले गेले नाही की काय होते, ते एब्रॅम्स यांच्या पुढच्या वाटचालीत दिसते. संसदेपासून माहिती दडवल्याचे कबूल केलेला हा माणूस धाकट्या बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत परतला. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने त्यांना व्हेनेझुएलासाठी विशेष दूत नेमले, आणि पुन्हा एकदा लॅटिन अमेरिकेच्या प्रश्नावर ते संसदीय समितीसमोर बसले. १९९२ मध्ये बुश यांना ही माफी द्यावी असा सल्ला देणारे महान्यायवादी विल्यम बार हेही २०१९ मध्ये त्याच पदावर परत आले. माफीने फक्त भूतकाळ मिटत नाही. पुढच्या सरकारात बसणाऱ्यांना ती आधीच धीर देऊन ठेवते.

निक्सन यांच्या माफीनंतर १९७४ मध्येच सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी घटनादुरुस्ती सुचवली होती की संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवले तर माफी रद्द व्हावी. ती पुढे गेली नाही. घटनादुरुस्तीला अमेरिकेत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. आजच्या फाटलेल्या राजकारणात हे जवळजवळ अशक्य वाटते, हे मी जाणतो. तरी मागणी नेमकी ठेवली पाहिजे. राष्ट्राध्यक्षाने आपल्या कार्यकाळात नेमलेल्या माणसाला, आपल्या प्रचारातल्या माणसाला, किंवा ज्या प्रकरणात त्याची स्वतःची साक्ष लागू शकते त्यातल्या माणसाला निकालपत्र हाती येण्याआधी माफी देता येऊ नये. मतदानाचा दिवस आणि नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी यांच्या मधल्या अकरा आठवड्यांत अशी कोणतीही माफी देता येऊ नये. एवढ्याने दयेचे हात बांधले जातील, असे ओरडणाऱ्यांना मला एकच सांगायचे आहे. अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यात वीस-वीस वर्षे काढलेल्या कैद्यांच्या अर्जांना यातला एकही नियम लागू होत नाही. त्यांच्यापैकी कोणी कधी राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात बसलेले नाही.